नरसाळ्यातली माती आणि शेतातला वाफसा

शालेय विज्ञानात काही प्रयोग असे आहेत की, अभ्यासक्रम बदलले, पुस्तकांची मुखपृष्ठे बदलली, तरी ते आपली जागा सोडत नाहीत. मातीच्या जलधारण क्षमतेचा प्रयोग त्यांपैकी एक. तीन नरसाळी घ्यायची, त्यांत गाळणकागद बसवायचा, एकात वाळू, दुसऱ्यात पोयटा आणि तिसऱ्यात चिकणमाती घालायची. प्रत्येकात सारखे पाणी ओतायचे आणि खालच्या भांड्यात किती पाणी जमते ते मोजायचे. ओतलेल्या पाण्यातून जमलेले पाणी वजा केले की मातीने धरलेले पाणी मिळाले. निष्कर्ष ठरलेला: चिकणमाती सर्वांत जास्त पाणी धरते, वाळू सर्वांत कमी, पोयटा मध्ये.

पुस्तकांतून, विज्ञान प्रदर्शनांतून, शिक्षक प्रशिक्षण वर्गांतून हा प्रयोग इतक्या वेळा झाला आहे की त्याकडे परीक्षकाच्या नजरेने पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. या लेखात आम्ही प्रयोगालाच परीक्षेला बसवणार आहोत. तो खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्यातून जे मोजले जाते ते एक, आणि त्यावरून जे शिकवले जाते ते दुसरेच, असे आम्हांला दिसते. शिवाय या दोहोंच्या मधल्या फटीत, मुलांनी प्रामाणिकपणे घेतलेले आकडे बऱ्याचदा गडप होतात. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रयोगाची बाजू

आधी प्रयोगाच्या जमेची बाजू पाहू. साहित्य जवळजवळ फुकटचे. माती मुले घरून, शेतातून, नदीकाठाहून आणतात. प्रत्येक मुलाचा हात मातीला लागतो. आणि मुख्य म्हणजे, मातीच्या आत गेलेले, डोळ्यांना न दिसणारे पाणी वजाबाकीने शोधता येते हा विचार मुलांना मिळतो. जे दिसत नाही ते, दिसणाऱ्या दोन गोष्टींच्या फरकातून काढायचे, ही विज्ञानातली मोठी युक्ती आहे आणि ती इतक्या साध्या साहित्यातून शिकवणारे प्रयोग थोडे आहेत.

निष्कर्षामागचे कारणही सुंदर आहे. पाणी मातीच्या कणांच्या पृष्ठभागाला आणि कणांमधल्या पोकळ्यांत चिकटून राहते. कण जितके बारीक, तितका एकूण पृष्ठभाग मोठा. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान मानले जातात. तेवढ्या बाजूचे तुकडे केले तर त्याच एका घनाचे पृष्ठफळ ३०,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ३ चौरस मीटर भरते. बोराएवढ्या ढेकळात एक सतरंजी अंथरून ठेवल्यासारखे हे झाले. हे गणित सातवी-आठवीची मुले स्वतः करू शकतात आणि ते करताना त्यांचे डोळे विस्फारतात. प्रयोगाचे हे श्रेय कोणी नाकारू नये.

धरलेले पाणी की अडलेले पाणी?

आता पहिला आक्षेप. बहुतेक पुस्तकांतल्या कृतीत वेळेचा उल्लेख नसतो, किंवा 'थोडा वेळ थांबा' एवढेच म्हटलेले असते. वर्गात हा थोडा वेळ तास संपण्याच्या घंटेने ठरतो. वाळूतले पाणी मिनिटाभरात निथळते. चिकणमातीच्या नरसाळ्यात मात्र घंटा होते तेव्हाही वर पाण्याचे डबके उभे असते. मुले खालचे पाणी मोजतात, शंभरातून वजा करतात आणि उरलेले सगळे मातीच्या खात्यावर लिहितात. उंबऱ्याबाहेर ताटकळत उभ्या असलेल्या पाहुण्यांना घरातल्या माणसांत मोजावे, तसे हे झाले.

पाणी किती धरले आणि पाणी किती वेगाने गेले हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिलिलिटरमध्ये, दुसऱ्याचे मिनिटाला किती मिलिलिटर असे. एका राशीच्या जागी दुसरी मोजली जाते आणि योगायोगाने दोन्हींचा क्रम सारखाच असल्यामुळे, म्हणजे दोन्हींत चिकणमाती एका टोकाला आणि वाळू दुसऱ्या टोकाला असल्यामुळे, गोंधळ उघडा पडत नाही. उत्तर बरोबर येते म्हणून रीत तपासली जात नाही, हा गणिताच्या वह्यांतला जुना आजार इथेही आढळतो.

या बाबतीत एनसीईआरटीच्या २००७ च्या सातवीच्या विज्ञान पुस्तकाला श्रेय दिले पाहिजे. त्यात या दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. जमिनीत बसवलेल्या नळीत २०० मि.लि. पाणी ओतून ते मुरायला लागणारा वेळ मोजायचा, ही एक कृती; आणि नरसाळ्यातल्या ५० ग्रॅम कोरड्या मातीवर, खालून ठिबकू लागेपर्यंत थोडेथोडे पाणी घालायचे, ही दुसरी. मात्र यातून एक नवा प्रश्न उभा राहतो. 'ठिबकू लागेपर्यंत' घातलेले पाणी आणि 'भरपूर ओतून निथळल्यावर' उरलेले पाणी यांची गाठ पडेलच असे नाही. चिकणमातीच्या ढेकळांमधून किंवा मातीच्या आणि नरसाळ्याच्या मधल्या फटीतून पाणी सरळ खाली उतरले, तर माती आतून कोरडी असतानाच ठिबक सुरू होते. एका नावाखाली दोन वेगळ्या राशी मोजल्या जातात आणि शिक्षकाला त्याची कल्पना दिली जात नाही.

वाटी की तराजू?

'समान माती घ्या' असे पुस्तक म्हणते. समान म्हणजे काय? एक वाटी वाळू आणि एक वाटी शेणखत यांच्या वजनांत मोठी तफावत असते. शंभर ग्रॅम वाळू लहानशा वाटीत मावते, तर शंभर ग्रॅम वाळलेल्या शेणखताला किंवा नारळाच्या काथ्याच्या भुश्याला मोठे भांडे लागते. वजनाच्या हिशेबाने पाहिले तर काथ्याचा भुसा आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो आणि सगळ्या मातींना मागे टाकतो. आकारमानाच्या हिशेबाने तो पुढे असला तरी फरक पुष्कळच कमी होतो.

यांपैकी कोणता हिशेब बरोबर? दोन्ही बरोबर आहेत. प्रश्न कोणता विचारला आहे त्यावर ते अवलंबून आहे. कुंडीतल्या रोपाच्या मुळांना वाट्याला येते ती जागा, म्हणून तिथे आकारमान महत्त्वाचे. गच्चीवर बाग करणाऱ्याला स्लॅबवर पडणाऱ्या भाराची काळजी असते, म्हणून त्याला वजन महत्त्वाचे. मुलांनी दोन्ही हिशेब करून पाहिले आणि क्रम बदलतो का ते तपासले, तर 'समान' या शब्दाचा अर्थ ठरवावा लागतो हे त्यांना कळेल. पुस्तकातल्या त्या एका शब्दाने ही संधी घालवली आहे.

याच्या जोडीला एक लहान पण सार्वत्रिक त्रुटी आहे. गाळणकागद किंवा फडकेही पाणी पिते. रिकाम्या नरसाळ्यात फक्त फडके बसवून तेवढेच पाणी ओतले, तर खाली पूर्ण पाणी येत नाही. ती घट प्रत्येक मातीच्या आकड्यात मिसळलेली असते. वाळूसारख्या कमी पाणी धरणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत ती दुर्लक्ष करण्याजोगी नसते. तरीही चौथे, नुसत्या फडक्याचे नरसाळे मांडायला सांगणारी कृती क्वचितच दिसते. तुलनेसाठी कोरा नमुना ठेवण्याची सवय लावायला याहून सोपी जागा कोणती?

नरसाळ्याच्या उंचीचे रहस्य

आता आमचा सर्वांत गंभीर आक्षेप. त्यासाठी आधी एक छोटी कृती करून पाहावी. भांडी घासण्याचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा. तो आडवा, तळहातावर सपाट धरा आणि ठिबकणे थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज, न दाबता, लांब बाजूवर उभा करा. पुन्हा पाण्याची धार लागते. स्पंज तोच, त्यातली छिद्रे तीच, पाणीही तेच. बदलली ती फक्त उंची.

कारण केशाकर्षणात आहे. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ से.मी. उंच उभे राहते, ०.१ मि.मी. व्यासाच्या नळीत सुमारे ३० से.मी. नळी दहापट अरुंद, तर स्तंभ दहापट उंच. मातीतल्या पोकळ्या म्हणजे अशाच वेड्यावाकड्या नळ्या. जाडसर वाळूतल्या पोकळ्या ०.२ ते ०.३ मि.मी. धरल्या, तरी त्या १० ते १५ से.मी. उंचीपर्यंत पाणी उचलून धरू शकतात. आपल्या नरसाळ्यात वाळूचा थर असतो पाच-सात सेंटिमीटरचा. म्हणजे तिथे वाळू निथळतच नाही म्हटले तरी चालेल. तिच्या बहुतेक पोकळ्या पाण्याने भरलेल्याच राहतात.

याचा परिणाम काय होतो पाहा. वाळूत पोकळ्यांचे प्रमाण साधारण ४० टक्के असते, चिकणमातीत ५० टक्क्यांच्या आसपास. दोन्ही जवळजवळ पूर्ण भरलेल्या राहिल्या तर १०० घन से.मी. वाळू ४० मि.लि.च्या जवळ आणि तेवढीच चिकणमाती ५० मि.लि.च्या जवळ पाणी धरेल. पुस्तक जो आकाशपाताळाचा फरक सुचवते तो नरसाळ्यात दिसायचे काही कारणच नाही. तो दिसतो तेव्हा बऱ्याचदा मघाचे अडलेले डबके त्याला कारण असते. शेतात मात्र वाळूखाली कित्येक फूट खोल थर असतो, पाणी खाली ओढले जात राहते आणि त्याच वाळूत आकारमानाच्या दहा टक्क्यांच्या आसपासच पाणी उरते. नरसाळे म्हणजे लहान शेत, हे गृहीतच चुकीचे आहे.

शास्त्रज्ञांना ही गोष्ट ठाऊक होती. बी. ए. कीन आणि राच्कोव्स्की यांनी १९२१ मध्ये मातीचे गुणधर्म मोजण्यासाठी जी छिद्राळ तळाची पितळी डबी सुचवली, ती दोन सेंटिमीटरपेक्षाही बुटकी होती आणि तिचे माप ठरलेले होते. आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयांतले विद्यार्थी ती डबी ओळखतात. उंची ठरवल्याशिवाय 'मातीने किती पाणी धरले' या वाक्याला नेमका अर्थ येत नाही. तो संदर्भ शालेय पुस्तकात येईपर्यंत गळून पडला आणि 'क्षमता' हा शब्द तेवढा मातीच्या अंगचा गुण म्हणून उरला.

कुटलेली माती

पुस्तक सांगते, माती वाळवा, कुटा, चाळा. मोजमाप नीट व्हावे म्हणून हे ठीक. पण कुटताना मातीची घडण मोडते. शेतातली माती म्हणजे सुटे कण नव्हेत. कण एकमेकांना चिकटून त्यांचे रवे होतात. रव्यांमध्ये मोठ्या पोकळ्या आणि रव्यांच्या आत बारीक पोकळ्या असतात. गांडुळांची बिळे आणि कुजलेल्या मुळांच्या वाटा वेगळ्याच. मोठ्या वाटांनी पाणी खाली जाते आणि हवा आत येते, बारीक पोकळ्यांत ओल टिकते. खलबत्त्यात हे सगळे एका पातळीवर येते.

कोकणातला भातशेतकरी हे जाणतो. लावणीपूर्वी तो चिखलणी करतो, म्हणजे पाणी साठवलेल्या खाचरात नांगर फिरवून मातीची घडण मुद्दाम मोडतो. मग तीच माती पाणी खाली सोडत नाही आणि भाताला हवे तसे पाणी खाचरात उभे राहते. माती तीच, कणही तेच. बदलली ती रचना. वर्गातला शिक्षक खलबत्त्यात नकळत चिखलणीच करत असतो आणि त्यातून मिळालेला आकडा ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या शेताला लावतो.

'चिकणमाती' हा शब्दही एकजिनसी नाही. लातूरच्या किंवा सोलापूरच्या मुलाने आणलेली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातल्या खनिजाचे पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकून पाण्याला मध्ये जागा देतात. पहिल्या वळवाचे पाणी या भेगांतून थेट खोल उतरते. माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी आत घ्यायला कुरकुर करते. रत्नागिरीच्या मुलाने आणलेल्या तांबड्या जांभ्याच्या मातीतही चिकण कण असतात, पण त्यांचे खनिज वेगळे, फारसे न फुगणारे. दोन्ही वर्गांत 'चिकणमाती' म्हणून आकडे येतील आणि ते जुळणार नाहीत. जुळले नाहीत तर ती शिक्षणाची चांगली सुरुवात आहे. पुस्तकाला मात्र ती अडचण वाटते.

धरले, पण दिले का?

समजा हे सगळे दोष दूर केले आणि आकडा निर्दोष मिळाला. तरी एक प्रश्न उरतो: पाणी धरले ते कोणासाठी? धड्यात या प्रयोगानंतर लगेच पिकांचा विषय येतो. मुलांच्या मनात समीकरण बसते की जास्त पाणी धरणारी माती ती पिकाला जास्त चांगली. इथे प्रयोगाची खरी लंगडी बाजू दिसते.

अमेरिकेत एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ मध्ये मातीतल्या पाण्याविषयी एक नवा विचार मांडला. पाणी किती आहे याच्या इतकेच ते माती किती घट्ट धरून आहे हे महत्त्वाचे, हा त्याचा गाभा. पुढे १९१२ मध्ये ब्रिग्ज आणि शांट्झ यांनी, रोप कायमचे कोमेजते त्या क्षणी मातीत किती पाणी शिल्लक असते ते मोजले. कोमेजलेल्या रोपाखालची माती कोरडी नसते, तिच्यात पाणी असते, पण मुळांना ते ओढून घेता येत नाही. ही ओढ आज साधारण १५ बार धरतात, म्हणजे सुमारे १५० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या तळाशी जेवढा दाब असतो तेवढी. तर १९३१ मध्ये वाइमायर आणि हेंड्रिक्सन यांनी दुसरे टोक ठरवले: भरपूर पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांनी, जादा पाणी निथळून गेल्यावर, जमिनीत जे उरते ते. पिकाच्या उपयोगाचे पाणी म्हणजे या दोन टोकांमधले.

सॅक्सटन आणि रॉल्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले, अमेरिकेतल्या मातींवरून काढलेले ढोबळ आकडे पाहा. आकारमानाच्या टक्केवारीत, निथळल्यावर वाळूत १०, पोयट्यात २८ आणि चिकणमातीत ४२ टक्के पाणी उरते. रोप कोमेजते तेव्हा अनुक्रमे ५, १४ आणि ३० टक्के शिल्लक असते. वजाबाकी करा: वाळूने रोपाला दिले ५, पोयट्याने १४, चिकणमातीने १२. धरण्यात पहिली आलेली चिकणमाती देण्यात पोयट्याच्या मागे पडली. आपल्या काळ्या मातीचे आकडे यांहून वेगळे असतील, परंतु मुद्दा तोच. साठा आणि खर्चायला मोकळी रक्कम या दोन गोष्टी वेगळ्या.

हे समजायला परदेशी नावांची गरजच नाही, असेही म्हणता येईल. आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी एक शब्द आहे: वाफसा. पाऊस उघडल्यावर जमिनीतले जादा पाणी ओसरले, मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, औत घातले तर चिखल होत नाही आणि ढेकूळही निघत नाही, ही ती अवस्था. मूठभर माती दाबली तर लाडू वळतो आणि खाली टाकला तर फुटतो. मुरमाड जमिनीला वाफसा लवकर येतो, काळ्या जमिनीला दिवस मोजत बसावे लागते. वाइमायर आणि हेंड्रिक्सन यांच्या व्याख्येच्या अगदी जवळ जाणारी ही कल्पना खेड्यातल्या मुलाच्या कानावर लहानपणापासून पडलेली असते. त्याच्या घरात 'किती पाणी धरले' असे कोणी विचारत नाही. 'वाफसा आला का' आणि 'ओल कुठवर आहे' असे विचारतात.

मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि पुढे फारसा पाऊस नसताना जमिनीतल्या ओलीवर फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी राहते. ती काळ्या मातीच्या जलधारणेची साक्ष आहे, तशीच ती मातीच्या खोलीचीही आहे. फूटभर काळी माती आणि तिच्याखाली मुरूम असेल तर त्याच मातीवर ती ज्वारी तग धरणार नाही. नरसाळ्याला खोली माहीत नसते. त्या शेतकऱ्याच्या मुलीला मात्र ती माहीत असते, आणि विज्ञानाच्या तासाला तिला ते कोणी विचारत नाही.

फळ्यावरचा तक्ता

आतापर्यंतचे आक्षेप प्रयोगाच्या रचनेवर होते. शेवटचा आक्षेप तो ज्या रीतीने वर्गात होतो त्यावर आहे. निष्कर्ष पुस्तकात छापलेला असतो, बहुधा कृतीच्या खालीच. सहा गटांनी प्रयोग केला आणि दोन गटांच्या वाळूने पोयट्याइतकेच पाणी धरले, तर काय होते? त्या गटांना 'पुन्हा करा' असे सांगितले जाते, किंवा वेळ नसेल तर 'पुस्तकाप्रमाणे लिहा' असे. वर आपण पाहिले की बुटक्या नरसाळ्यात वाळूने भरपूर पाणी धरणे हेच अपेक्षित आहे. म्हणजे ज्या गटाचे निरीक्षण निसर्गाला धरून होते त्यालाच आपले आकडे खोडावे लागतात. त्या खाडाखोडीतून मूल एक धडा शिकते, आणि तो जलधारणेचा नसतो. डोळ्यांपेक्षा छापील ओळ मोठी, हा तो धडा. तो इतका खोल रुजतो की पुढे कितीही प्रयोग केले तरी निघत नाही.

याला पर्याय नाही असे नव्हे. मध्य प्रदेशातला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांत सुरू झाला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद करेपर्यंत तीस वर्षे चालला. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत प्रयोगांची उत्तरे दिलेली नसत. आकडे गटांनी आणायचे, फळ्यावर मांडायचे, त्यांत फरक का पडला यावर बोलायचे आणि मग निष्कर्षाकडे जायचे, अशी ती पद्धत. खेड्यातल्या सरकारी शाळांत ती चालू शकली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग प्रयोग कसा करावा?

टीका करून मोकळे होणे सोपे असते, म्हणून आमच्या सूचना मांडतो.

एक लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आडव्या कापून वरचा भाग उलटा करावा. नरसाळे आणि भांडे दोन्ही मिळतात. तोंडाला एकाच जुन्या सुती कापडाचे सारखे तुकडे बांधावेत. एक बाटली नुसत्या कापडाची ठेवावी. पाणी मोजायला सुई काढलेली मोठी सिरिंज उत्तम. पाणी भरपूर घालावे, वर प्लॅस्टिक झाकावे आणि मोजणी दुसऱ्या दिवशी करावी. तेव्हाही मातीवर पाणी उभे असेल तर ते वेगळे काढून वेगळ्या रकान्यात लिहावे. पहिल्या दहा मिनिटांत किती पाणी आले हेही नोंदवावे. वेग आणि साठा यांतला फरक मुले स्वतः सांगतील.

स्पंजची कृती आधी करावी. मग वाळू दोन उंचींवर घ्यावी, एकदा बाटलीत पाच सेंटिमीटर आणि एकदा पी.व्ही.सी.च्या नळीत पन्नास सेंटिमीटर. निथळल्यावर नळीतली वरची आणि तळची वाळू वेगवेगळी काढून वजन करावी, तव्यावर वाळवून पुन्हा वजन करावी. भाजीवाल्याचा काटाही चालेल. किती ग्रॅम ओल्या वाळूमागे किती ग्रॅम पाणी गेले, हे दोन्ही ठिकाणी काढून पाहावे.

आणि एक कृती पंधरा-वीस दिवसांची. तळाला भोके पाडलेल्या पेल्यांत वेगवेगळ्या माती घेऊन मूग पेरावेत. चार पाने आली की पाणी बंद करावे. दुपारी रोप माना टाकते, रात्री सावरते. ज्या दिवशी रात्रभर झाकून ठेवूनही ते सावरत नाही त्या दिवशी पेल्यातली माती वजन करून, वाळवून, पुन्हा वजन करावी. धरलेले आणि दिलेले पाणी यांतला फरक मग फळ्यावर आकड्यांत येईल. कोणत्या मातीतले रोप किती दिवस टिकले, हा रकानाही ठेवावा.

याच्या बरोबरीने मुलांना घरी एक प्रश्न विचारायला सांगावा: आपल्या जमिनीला चांगला पाऊस झाल्यावर वाफसा किती दिवसांनी येतो आणि तो आला हे कसे ओळखतात? शहरातल्या मुलांना कुंड्यांविषयी विचारता येईल. आलेली उत्तरे मातीच्या प्रकारांप्रमाणे लावली की जलधारणेचा एक स्थानिक नकाशाच तयार होईल, आणि तो कोणत्याही पुस्तकात नसेल.

एवढे सगळे एका तासात बसणार नाही, हे आम्हांला मान्य आहे. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, चाचण्या असतात, वर्गात साठ मुले असतात. ज्यांना एकच गोष्ट करणे शक्य आहे त्यांनी ही करावी: फळ्यावर सर्व गटांचे आकडे लिहावेत, न जुळणारे आकडे खोडू नयेत, आणि वहीतली निष्कर्षाची जागा दुसऱ्या दिवसापर्यंत कोरी ठेवावी. रात्रीतून नरसाळ्यात आणखी थोडे पाणी ठिबकलेले असेल, आणि काही मुले घरून वाफशाविषयी विचारून आलेली असतील.